जंबेरीचा काटा आणि हातावरची लाल रेघ

शेंदूरजनाघाटला आत्याच्या बागेत मी गेले होते ती निव्वळ संत्री खायला. संत्र्याचं कलम ज्या काटेरी रानलिंबावर बांधतात त्या जंबेरीचे, झाडाच्या बुडाशी आलेले फुटवे आत्या मोडत होती. मदतीला म्हणून मीही हात घातला आणि एक काटा बोटात पार आत गेला. काढला, नळाखाली बोट धरलं आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात टम्म सुजलेला. मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघ, काखेत अवधाणाची दुखरी गाठ. सुजेमुळे लसीकावाहिन्या कशा वाढतात, हाच माझ्या पीएच.डी.चा विषय. अमरावतीच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या कातडीत ज्या नळ्या मी रंग घालून शोधायची, त्यांतली एक माझ्याच हातावर आपणहून उमटली होती. मी चक्क तिचे फोटो काढायला लागले.

"अवं, हात सुजून राहिला अन् हे हासून राहिली!" आत्यानं मला ओढतच स्कूटीवर बसवलं आणि वरूडला नेलं.

डॉक्टरांनी रेघ पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. "एवढं शिकलात, अन् थांबलात कशाला? हे रक्तात गेलं असतं तर?" तेव्हा कुठे माझं हसू गेलं. इंजेक्शन टोचलं, गोळ्या दिल्या, लालीभोवती पेनानं खूण केली. लाली खुणेबाहेर गेली तर लगेच यायचं.

परत येताना आत्यानं विचारलं, "तू शिकते काय नेमकं?"

"जखमेत जंतू शिरले की पांढऱ्या पेशी धावून येतात. तिथं सूज येते, पाणी साचतं. सूज बरेच दिवस राहिली, तर त्याच पेशी आजूबाजूच्या नळ्यांना इशारा देतात, की वाढा, फांद्या फोडा. मग त्या ते पाणी वाहून नेतात."

"मंग तुया हातात बी नव्या नळ्या फुटून राहिल्या?"

"एवढ्यात नाही गं."

हे शेवटचं वाक्य वाऱ्यावर गेलं असावं. संध्याकाळी अकोल्याहून काकांचा फोन आला. आवाज रडवेला. "पोरी, हातात नळ्या टाकल्या म्हणे तुया? आपरेशन कुठी झालं?"

त्यांना समजावता समजावता फोन गरम झाला. चार-पाच दिवसांत सूज उतरली, रेघ पुसट होत गेली. काका मात्र अजून भेटले की माझी बाही वर करून नळ्या कुठून घातल्या ते शोधतात.