अंगाऱ्याची पुडी
मंचरच्या एसटी स्टँडवर कुणी बिडी पेटवली की तो करपट वास नाकात शिरतो आणि मी थेट तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात जाऊन उभा राहतो. बांधावरच्या मारामारीत तुरुंगात गेलेल्या माझ्या चुलत्याला त्या दिवशी तारखेला आणलं होतं आणि जामिनाचं दुपारनंतर ठरणार होतं. तुरुंगात बिडीला बंदी, म्हणून चुलतीनं ओझरच्या गणपतीच्या अंगाऱ्याच्या पुडीत दोन बिड्या लपवून ती माझ्या हातात दिली होती. देवाच्या पुडीला कोण पोलीस हात लावतोय, असं तिला वाटलं. मी पुडी पुढे केली तर सोबतचा पोलीसच म्हणाला, "थांबा पावणं, मला बी लावू द्या अंगारा." त्यानं पुडी उलगडली. आता जामीन गेला, असं मला वाटलं. "जेलात बंदी हाय, हितं बी हाय," तो भिंतीवरची पाटी दाखवत म्हणाला, "ज्याला वढायची त्यानं गेटाभाईर जायचं." चुलता शांतपणे म्हणाला, "चला की मग सायेब, सोडा मला गेटाभाईर." पोलिसानं कपाळाला अंगारा लावला, चुलत्याला दुसऱ्या शिपायाच्या हवाली केलं आणि बिड्या घेऊन स्वतःच गेटाबाहेर गेला. जरा वेळानं वाऱ्याबरोबर धूर आत आला, तसा चुलत्यानं डोळे मिटून तो छातीभर ओढून घेतला. जामीन काही त्या दिवशी मिळाला नाही. मला स्वतःला धुराचा ठसका लागतो, पण कुणाला 'बाहेर जाऊन ओढ' म्हणायला आजही जीभ रेटत नाही.