मंडळीला हवा लेफ्ट टॅकल

बर्फ वितळलं, नदी फुगली की आमच्या गावात व्हर्लिन डाल्के टीमची दुखणी सांगायला लागतो. एरवी तो चीज फॅक्टरीचा दुधाचा टँकर चालवतो. एप्रिलात टँकर आपोआप चालत असावा, कारण व्हर्लिनचं सगळं लक्ष ड्राफ्टकडे असतं. ड्राफ्ट म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या बड्या टीमनी पाळीपाळीने कॉलेजातली पोरं उचलायची. आमच्या हिरव्या टीमने कुणाला उचलावं हे व्हर्लिन पेट्रोल पंपावर सांगतो, न्हाव्याच्या खुर्चीत सांगतो, आणि एकदा तर त्याने शवपेटीला खांदा देता देता सांगितलं. टीमने अजून त्याला विचारलेलं नाही.

त्याचं उत्तर दरवर्षी एकच असतं, लेफ्ट टॅकल.

"क्वार्टरबॅक चेंडू फेकायला हात मागे नेतो ना, तेव्हा त्याची डावी बाजू उघडी पडते. कोण अंगावर येतंय ते त्याला दिसत नाही. तिथं भिंतीसारखा गडी पाहिजे. त्याचं नाव कुणी घेत नाही, त्याच्या नंबरचा शर्ट कुणी विकत घेत नाही. पण तो नसला की क्वार्टरबॅकला स्ट्रेचरवर बघावं लागतं."

टीम मात्र दरवर्षी एखादा चपळ, चेंडू झेलून नाचणारा पोरगा घेते, आणि दरवर्षी क्वार्टरबॅकचं काहीतरी मोडतं.

यंदा त्यात आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, भर पडली. आमचे म्हातारे पाळक निवृत्त होऊन ॲरिझोनात उन्हात बसायला गेले. बिशपच्या ऑफिसने कळवलं की उन्हाळ्यापर्यंत नवा पाळक बघा, नाहीतर तुमची मंडळी नदीपलीकडच्या मंडळीत मिसळून टाकू. नदीपलीकडे म्हणजे दुसरं राज्य, मिनेसोटा. तिथला देव तोच, गीतांचं पुस्तक तेच, बटाट्याचे गोळे लावून भाजलेली खिम्याची डिशही तीच. पण माणसं जांभळ्या टीमची. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात वेदीवर जांभळं कापड घालावं लागतं, त्यालाही आमच्याकडे नाकं मुरडतात. तिथे त्या लोकांच्या मांडीला मांडी लावून बसायचं?

म्हणून निवड समिती नेमली. व्हर्लिन अध्यक्ष, गायकवृंद सांभाळणारी लोइस स्टेन्सरुड, आणि तरुणांचा सहभाग म्हणून मी. आमच्या मंडळीत तरुण म्हणजे मीच.

पहिल्याच बैठकीत व्हर्लिनने रविवारच्या शाळेतल्या फळ्यावर गोल आणि फुल्या काढल्या.

"आधी गरज बघू, मग माणूस. गाण्यात आपण भक्कम. स्वयंपाकात तर राखीव फळीसुद्धा तयार आहे. ऑर्गनवाली थकलीय, पण अजून दोन सीझन काढेल."

"ती माझी बहीण आहे, व्हर्लिन," लोइस म्हणाली.

"म्हणून तर दोन म्हटलं."

"मग कमी काय आहे ते तरी सांग."

व्हर्लिनने एका गोलाच्या डावीकडे खडू टेकवला. "हिवाळ्यात ऑर्विल गेला. त्याच्या बायकोजवळ कोण बसलं? सगळ्यांनी दारात डिश ठेवल्या आणि गाड्या काढल्या. मीपण. ही बाजू उघडी आहे आपली."

लोइसने खडूच्या त्या खुणेकडे बघितलं. मग म्हणाली, "पाळक शोधतोयस की बैल?"

उमेदवार दोन होते. पहिला गिटार घेऊन आला. आवाज गोड, दात पांढरेशुभ्र. लोइसने त्याला जाताना घरचं लोणचं दिलं. दुसऱ्या मारेन ओपेगार्ड नावाच्या बाई. त्यांची भेट बिशपच्या ऑफिसने नेमकी ड्राफ्टच्या संध्याकाळी ठरवली. आता बिशपच्या ऑफिसात कसली माणसं भरतात, देव जाणे.

व्हर्लिनने तोडगा काढला. चर्चच्या तळघरात टीव्ही आणला, आवाज बंद केला आणि बाईंची खुर्ची टीव्हीकडे पाठ करून ठेवली. भेटभर तो त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत होता. हा माणूस फारच भाविक आहे असं बाईंना वाटलं असणार.

"बाई, कुणी जोरात अंगावर आलं तर काय करता?"

"कोण?"

"कुणीही."

"उभी राहते. बहुतेक वेळा तो मंडळीतलाच असतो, पळून जाणार कुठे?"

व्हर्लिन खूश झाला. "आणि तुमचं वजन साधारण..."

लोइसने टेबलाखालून त्याला लाथ मारली. विषय बदलायला म्हणून तीच बोलली, "टीम कुठली तुमची?"

"मी पलीकडचीच. जांभळी."

लोइस लिंबाच्या वड्यांची थाळी पुढे करत होती, ती तिने परत ओढली.

"म्हणजे पलीकडच्यांत जायला लागू नये म्हणून आम्ही पलीकडचीच माणसं आणायची?" व्हर्लिन म्हणाला.

"तसंच दिसतंय," बाई म्हणाल्या, आणि हात लांब करून वडी घेतली.

तेवढ्यात पडद्यावर आमच्या टीमची पाळी आली. आयोवाच्या शेतावरचा एक दाराएवढा लेफ्ट टॅकल अजून शिल्लक होता. महिनाभर व्हर्लिन झोपेतसुद्धा त्याचं नाव घेत होता म्हणे. टीमने घेतला कानात हिरे घातलेला एक झेलणारा. व्हर्लिनने टोपी काढून टेबलावर ठेवली. थोड्या वेळाने जांभळ्यांनी तो आयोवाचा पोरगा उचलला.

"अगं बाई," लोइस पुटपुटली. तेव्हा बाईंनी मागे वळून बघितलं.

त्यांच्या जागी आमच्यातला कुणी असता तर खुर्चीवर चढून नाचला असता. बाईंनी खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि व्हर्लिनच्या शेजारी येऊन बसल्या. पुढच्या वर्षी बघू, देवाची इच्छा, असलं काही बोलल्या नाहीत.

"किती वर्षं सांगतोय मी," व्हर्लिन म्हणाला.

"हं."

"घसा सुकला सांगून."

त्यांनी कॉफी त्याच्यापुढे सरकवली. सगळ्यांचे कप निवले तरी त्या बसून होत्या. लोइसने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग बाई हात धुवायला वर गेल्या.

"गिटारवाला कशाला, गाणारे आहेत आपल्याकडे," लोइस म्हणाली आणि बाईंसाठी सगळ्यांत आधी हात वर केला. मीही केला.

व्हर्लिन टोपीकडे बघत राहिला. "जांभळी आहे ती."

"मग काय, आपण सगळे नदीपलीकडे जाऊया?" लोइस म्हणाली.

त्याने हात वर केला, पण कोपरापासूनच. बाई खाली आल्यावर त्याने दोन अटी घातल्या. एक, दोन्ही टीम समोरासमोर असतील त्या रविवारी प्रवचन आखूड. दोन, आम्ही हरलो तर पुढच्या रविवारी वेदीवरून त्याबद्दल चकार शब्द नाही.

पहिली अट पाळकबाईंनी तिथल्या तिथे मान्य केली. दुसरीवर अजून बोलणी चालू आहेत.