कडू घास
पिठल्याला लसणाची फोडणी बसली की माय गेली तो दिवस आठवतो. घरात मयत झालं की आमच्याकडे चूल पेटत नाही. भावकी पिठलं-भाकर आणून घरच्यांना कडू घास भरवते. माय अंथरुणावर होती तेव्हा भिंतीपलीकडच्या काकूने कधी वाटीभर वरण पाठवलं नाही. त्या दिवशी मात्र टोपलं घेऊन तीच आली. रडत रडत माझ्या तोंडाशी घास धरला. “खाय वं माय, दोन घास तरी.” “मायले काहून नाई देल्ला, काकू?” मी विचारलं. आता काकू खाटेला खिळली आहे, पोरं वाशीमला निघून गेली. तिला मीच जेवू घालते. रोज पिठलं-भाकरच नेते, तोंडाशी घास धरते आणि म्हणते, “खाय वं काकू, दोन घास तरी.”