आंधळगावचा जवाई

आंधळगावात माझं मोटारपंपाच्या वाइंडिंगचं दुकान आहे. धानाचे दिवस आले की जळालेल्या मोटारी येतात, आणि मी तारा काढेपर्यंत माणूस समोर स्टुलावर बसून असतो. बसलेला माणूस बोलणारच! गेल्या वर्षी जवळजवळ प्रत्येक मोटारीबरोबर आमच्या जावयाचा एक किस्सा आला. मोटारी दुरुस्त होऊन गेल्या, किस्से मात्र दुकानातच पडून राहिले. आता जागा करायची म्हणून सांगून टाकतो.

जावई म्हणजे मार्टिन. माझी धाकटी बहीण मनीषा जर्मनीत नर्स होती, त्याच शहरात हा ट्राम चालवायचा. लग्न झालं, लेना झाली. लेना चार वर्षांची असताना इकडे बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. मनीषा रजा टाकून आली, महिनाभर बाबांना घास भरवला, परत गेली आणि आठ दिवसांनी फोनवर रडायला लागली. "दादा, मी इथं लोकायच्या बापाची सेवा करून राहिली, अन् माझा बाप तिथं खाटेवर. मले नाही होत आता!"

मार्टिन बाजूलाच होता. काय झालं म्हणून त्यानं विचारलं, तिनं सांगितलं. तो म्हणाला, "मग जाऊ ना!"

बस! तीन महिन्यांत दोघांनी नोकऱ्या सोडल्या, घर सोडलं, व्हिसाचे कागद केले आणि फेब्रुवारीत तिघंही आमच्या अंगणात. हाताला काम नाही, मराठीचा एक शब्द येत नाही, वरून पोरगी लहान. आमच्या तालुक्यातली पोरं तिकडे जायला धडपडतात आणि हा बाबा उलटा आला! मी मनीषाला म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे ना त्याचं?" ती म्हणाली, "नसंल. पन मन आहे."

* * *

पहिल्याच आठवड्यात सुखदेवभाऊ दुकानात आले. हे माझं रोजचं गिऱ्हाईक, मोटार नसली तरी येणारं. मार्टिन स्टुलावर बसला होता.

"जवाईबापू तिकडे काय करत होते?"

"ट्राम चालवत होते."

"ते काय असते?"

"रस्त्यावरून धावणारी रेल्वे समजा."

सुखदेवभाऊंनी तंबाखू चोळता चोळता विचार केला. "स्टेरिंग असते का त्याले?"

"नाही जी. रुळावरूनच जाते ना."

"मंग रूळ नेते तिकडे गाडी जाते. हे चालवत काय होते?"

मला हसू आवरेना. मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत मार्टिनला सांगितलं. तो अजिबात हसला नाही. गंभीरपणे म्हणाला, "त्यांना सांगा, बारा वर्षं मीसुद्धा हाच विचार करत होतो!"

* * *

मनीषाला दोन महिन्यांत भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात काम मिळालं. राहिला मार्टिन.

आता आमच्याकडची रीत सांगतो. एका घरचा जावई म्हणजे अख्ख्या गावाचा जावई. तो दिसला की उठून उभं राहायचं, त्याला बसवायचं, चहा पाजायचा, आणि काम म्हणून काडीसुद्धा उचलू द्यायची नाही. बाकीचे जावई दोन दिवस राहतात आणि बस पकडतात, म्हणून ही रीत झेपते. हा तर राहायलाच आला! घरजावई म्हणून लोक नावं ठेवतील अशी आईला धास्ती होती. पण सात समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला तसं म्हणायची कोणाची छातीच झाली नाही.

दुसऱ्याच दिवशी मार्टिननं जेवून स्वतःचं ताट घासलं. आई न्हाणीतून धावत आली. "माय वो! लोक काय म्हनतीन? जवायाले भांडे घासाले लावले!" तिनं घासणी उचलली आणि थेट धानाच्या कोठीत लपवली.

मग मार्टिन सकाळी दोन बादल्या घेऊन सरकारी नळावर गेला. शेजारच्या लक्ष्मीकाकूंनी त्याच्या हातून बादली ओढली. दुसरी बादली दुसऱ्या दोघींनी ओढली. पाच मिनिटांनी आमच्या दारात वरात आली. पुढे तिघी बाया पाणी घेऊन, मागे मार्टिन रिकाम्या हातानं, मान खाली घालून.

माझी बायको कल्पना दारात उभी होती. लग्नाला नऊ वर्षं झाली, एका दिवशीही तिच्या बादलीला कोणी बोट लावलं नव्हतं. तिनं ती वरात पाहिली आणि मला म्हणाली, "यायले रोज पाठवत जा जी!"

* * *

मी म्हटलं, मार्टिनला दुकानात घेऊ. हात चांगला होता त्याचा. पेचकस धरायची रीत पाहूनच कळतं माणूस कामाचा आहे की नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावचा एक शेतकरी तावातावानं आला. मी बांधून दिलेली मोटार आठ दिवसांत जळाली होती. चूक माझी होती, खोटं कशाला बोलू! तो रस्त्यावरूनच सुरू झाला, "कुठी आहे बे थो राजू? बाहेर निघ! आज तुले..." आणि दारात मार्टिन, हातात पेचकस! शेतकऱ्यानं झटकन टोपी काढली. "रामराम जवाईबापू. काही नाही जी, असाच आलो होतो." चहा पिऊन गेला. जळालेली मोटार टेम्पोत तशीच.

मला मजा वाटली. पण पंधरा दिवसांत दुकानात माशा! सुखदेवभाऊंनीच उलगडा केला. "राजूभाऊ, जवायाच्या हातून काम करून घ्यायचं म्हंजे पाप लागते. अन् मोटार बिघडली त शिव्या कोनाले देऊ? लोक मोहाडीले जाऊन राहिले."

मी मार्टिनच्या हातून पेचकस काढून घेतला. तो खिशात हात घालून उभा राहिला. मला फार वाईट वाटलं, पण माझंही पोट दुकानावरच होतं.

* * *

मे महिन्यात मी त्याला विचारलं, "मराठी किती आली?"

त्यानं बोटं मोजली. "बसा. घ्या. अजून घ्या. राहू द्या."

चार! तीन महिन्यांत चार! त्याचा तरी काय दोष? त्याच्याशी कोणी दुसरं काही बोलतच नव्हतं.

एकदा मी जेवायला घरी गेलो आणि त्याला दुकानाकडे बघायला बसवलं. परत येऊन पाहतो तर लक्ष्मीकाकूंची बकरी आत शिरलेली. मोटारीत घालायचा कागद असतो ना, त्याचा गठ्ठा चघळत होती. समोर मार्टिन दोन्ही हात जोडून उभा, आणि अगदी अदबीनं म्हणत होता, "राहू द्या! राहू द्या!"

बकरीनं काही राहू दिलं नाही.

* * *

लेनाचं उलट. दोन महिने अंगणवाडीत गेली आणि अशी बोलायला लागली की लक्ष्मीकाकू कपाळावर हात मारत. दिवसभर बाबांच्या खाटेवर. बाबांचा उजवा हात गेला होता, पण डाव्या हातानं ते तिची वेणी धरून ठेवत. तिच्या बडबडीला उत्तर द्यायचं म्हणून बाबा अडखळत का होईना, बोलायला लागले. डॉक्टरांच्या गोळ्यांनी जे केलं नाही ते त्या पोरीनं केलं!

एक दिवस आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मार्टिन समोर खुर्चीवर, नेहमीसारखा बसवलेला. त्याला कुठं कळतं म्हणून आई लक्ष्मीकाकूंना हळूच म्हणाली, "बसून बसून जवाईबापू फुगून राहिले वो."

लेनानं तिथल्या तिथं जर्मनमध्ये बापाला सांगितलं. मार्टिननं मान वाकवून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

आई घाबरली. "काय सांगतलं वो तू त्यायले?"

"तू बोलली तेच सांगतलं आजी. दुसरं कायले सांगू?"

आई स्वयंपाकघरात गेली ती दिवेलागणीपर्यंत बाहेर आली नाही.

* * *

हसलो आम्ही, पण मार्टिनच्या ते मनाला लागलं. त्याच संध्याकाळी तो मला तलावाच्या पाळीवर घेऊन गेला. म्हणाला, "दादा, सगळे माझ्याशी फार चांगले वागतात. पण मी इथं पाहुणा आहे. पाच महिने झाले, कोणाला माझा काही उपयोग नाही. लेना मला रोज खुर्चीवर बसलेला बघते. मी मनीषाला सांगितलं, दिवाळीपर्यंत थांबू. तोवर काही काम झालं नाही तर परत जाऊ. तिघंही."

मी घरी येऊन मनीषाला विचारलं. ती शांतपणे बोलली, "माझ्यासाठी आला होता ना दादा थो. आता त्याले कसं म्हनू, बसून राहा?" आत बाबा लेनाला काहीतरी सांगत होते आणि ती हसत होती. मी मोटारसायकल काढली आणि उगाच गावाला चक्कर मारून आलो. डोळे पुसत पुसत, आणखी काय!

बाबांना आम्ही कोणी काही सांगितलं नाही.

* * *

जुलैच्या शेवटी आमच्या बांधीत रोवणी लागली. बांधी म्हणजे आमच्याकडचं बांध घातलेलं धानाचं शेत. सिंधूबाईच्या हाताखाली अठरा बाया आल्या. साठीची बाई, पण रोवणीच्या दिवसांत तिचा शब्द तहसीलदारापेक्षा वर! बाया वाकून, मागे मागे सरकत धानाची रोपं लावतात, आणि एक गडी त्यांना रोपांच्या पेंड्या फेकून देतो. नेमका त्या दिवशी आमचा गडी तापानं फणफणला. मी दुसऱ्या टोकाला फुटलेला बांध बांधत होतो.

मार्टिन लेनाला घेऊन बघायला आला होता. आईनं त्याच्यासाठी बांधावर प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. खुर्चीच्या मागे छत्री बांधली होती!

"ओ, कोनी पेंड्या देता का, का आमी असंच वाकून राहू?" सिंधूबाई ओरडली.

कोणी नव्हतं. मार्टिननं लेनाकडे पाहिलं, तिनं सांगितलं. तो खुर्चीवरून उठला, पॅण्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरला.

आई किंचाळलीच. "राहू द्या जवाईबापू! माय वो, राहू द्या!"

सिंधूबाईनं मान वर केली नाही. "वहिनी, जवाई तुमच्या घरी. माह्या बांधीत आला थो गडी."

पहिली पेंडी लावलेल्या रोपांवर पडली. दुसरी सिंधूबाईच्या तोंडापुढं, धप्प! चिखल तिच्या नाकात, डोळ्यात, तोंडात. सिंधूबाई उभी राहिली. कमरेवर हात ठेवला. तोंडातला चिखल थुंकला.

"अबे ए मार्टिन्या! डोळे घरी ठेवून आला का बे? मांगं फेक, मांगं! गाढवा, जेवत नाही का घरी? हात नाही चालत का तुहा?"

अठरा बाया जागच्या जागी थिजल्या. आईनं पदर तोंडात कोंबला. मी फावडं टाकून पळत सुटलो, पण चिखलात पळता येतं थोडंच!

मार्टिननं बांधाकडे पाहिलं. लेना त्या खुर्चीवर चढून उभी होती. तिनं कमरेवर हात ठेवून सगळं जर्मनमध्ये सांगितलं. एक शब्द सोडला नाही, गाढवसुद्धा! मार्टिनचे कान लाल झाले. त्यानं सिंधूबाईकडे पाहिलं. मग एक पेंडी उचलली, नीट नेम धरला आणि तिच्या बरोबर मागे टाकली.

"हां, अश्शी!" म्हणून सिंधूबाई वाकली.

संध्याकाळपर्यंत तिनं त्याला आणखी दहा-बारा वेळा झापलं. लेनाचा भाषांतर करून घसा बसला. मनीषा दवाखान्यातून घरी आली तेव्हा नवरा कमरेपर्यंत चिखलात माखून अंगणात बसला होता आणि आंघोळीला उठत नव्हता. तिनं विचारलं, काय झालं. तो बराच वेळ बोलला. मग मनीषानं आम्हाला सांगितलं, "उद्या सहाले बोलावलं म्हनते सिंधूबाईनं. दुसऱ्याच्या बांधीत. उशीर केला त तंगडं तोडीन म्हनाली म्हनते."



दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मार्टिन ओट्यावर चहा पीत बसला होता. फुंकर मारत, सावकाश. आई गोठ्यातून आली, त्याच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली, "अबे उठ ना! च्याच पिऊन राहिला अजून! सिंधू वाट पाहून राहिली तिकडे! का येऊ मी झाडू घेऊन?"

मार्टिननं अर्धा कप तसाच खाली ठेवला आणि चपला हातात घेऊन धावत सुटला.

मनीषा दाराशी होती. ती मटकन उंबऱ्यावर बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

आई म्हणाली, "आता तुले काय झालं? ऊठ! डबा कोन नेऊन देईन त्याले?"