डेल्फा वॉम्सलीचं कुरण

आमच्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत सपाट जमीन फारशी कुणाच्या नशिबी येत नाही. डेल्फा वॉम्सलीकडे ओढ्याकाठचं एक कुरण तेवढं सपाट होतं. बाकी सगळं शेत म्हणजे उभा चढ. तिथे गाई चरायच्या, पण हिवाळ्याचा चारा निघायचा तो या कुरणातूनच. नवरा हॉबर्ट गेल्यावर ट्रॅक्टर तीच चालवायची, गवत तीच कापायची, आणि कुणापुढे हात न पसरता गाई जगवायची.

मग गॅस कंपन्यांची माणसं आमच्या खोऱ्यात घिरट्या घालू लागली. इथं जमिनीखालचा हक्क वेगळा विकता येतो, पण वॉम्सलींनी तो कधी कुणाला विकला नव्हता, त्यामुळे कंपनीचा दलाल ब्रेट तिच्याच दारात आला. चिखलाचे बूट बाहेर काढून आत येणारा, अगदी साळसूद पोरगा. माझी आजी इथलीच, म्हणाला. घेवडा आणि मक्याचा पाव दोनदा वाढून घेतला.

"मावशी, वरची जमीन तुमचीच राहणार. आम्हाला खालचा गॅस तेवढा हवा."

"आणि गॅसची विहीर पाडणार कुठं?"

"त्या टेकडीमागं. तुम्हाला इथून दिसायचीसुद्धा नाही."

"मग तेवढं कागदात घाल की."

"अहो, छापील करार आहे तो. सगळ्यांना सारखाच. त्यात माझ्या बापालाही काही बदलता येत नाही!"

तो कागद ठेवून गेला, तेव्हा तिचा दीर ओकी चिडलाच. "वहिनी, वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. आणि जागेचं लिहून घ्या."

"भावजी, माझ्या टेबलावर जेवून गेलाय तो. त्याला तोंडावर सांगू, तुझा शब्द मला पुरत नाही म्हणून?"

आमच्याकडे हे असंच. घरात जेवलेल्या माणसाकडून शब्द लिहून घ्यायचा म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखं. आणि हे त्या दलालांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर मेले दोनदा वाढून घेतात! पुढच्या आठवड्यात डेल्फानं सही केली.

जूनमध्ये गवत कापायला आलं आणि बुलडोझर आले ते थेट कुरणात. टेकडीमागं रस्ता काढायचा खर्च कशाला करतील? इथं सपाट जागा आयती मिळत होती. डेल्फा तडक कंपनीच्या कचेरीत गेली. तिथल्या साहेबानं करारातली ओळ वाचून दाखवली: कंपनीला सोयीची वाटेल ती जागा.

"ब्रेटनं मला टेकडीमागं सांगितलं होतं."

"तोंडी काय बोलणं झालं त्याला आम्ही बांधील नाही, बाई."

कुरणावर खडी पसरली. चारा विकत घेऊन गाई पोसणं काही तिला झेपलं नाही. हिवाळ्याआधी ओकी त्यांना लिलावाला घेऊन गेला, तेव्हा ती घरातच बसून राहिली. गॅसच्या विक्रीतला तिचा हिस्सा आला खरा, पण वाहतूक, सफाई आणि आणखी काय काय कापून. त्या कापाकापीलाही तिनंच सही दिली होती. किती पद्धतशीर लुबाडतात बघा, वर आपल्याच सहीनं!

वसंतात बातमी आली की ब्रेट आता पलीकडच्या खोऱ्यात सह्या घेतोय. तिथल्या चर्चच्या सभागृहात त्यानं सगळ्यांना जमवलं होतं. डेल्फा ओकीला घेऊन गेली आणि भर सभेत उभी राहिली.

"ब्रेट, माझी विहीर कुठं होणार होती ते सांग या लोकांना."

त्याचे कान लाल झाले. "मावशी, ते आपलं नुसतं बोलणं झालं होतं."

"ऐकलंत?" डेल्फा लोकांकडे वळली. "लिहिलं नाही ते याच्या लेखी झालंच नाही. विहीर कुठं पाडणार ते लिहून घ्या. आपल्या हिश्श्यातून काही कापायचं नाही, हे लिहून घ्या. आणि तुमच्या घरच्या विहिरीचं पाणी आधी तपासून ठेवा, नाहीतर उद्या ते नासलं की म्हणतील, पहिल्यापासून असंच होतं."

लोकांनी हातातली पेनं खिशात घातली. पुढच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "बाळा, लिहून देतोस की उठतोस?"

ब्रेटनं जरा इकडेतिकडे पाहिलं. मग बॅग उघडून एक गठ्ठा काढला आणि वाटायला लागला. ती कराराला जोडायची पुरवणी होती. विहिरीची जागा मालकाच्या संमतीनं, हिश्श्यातून कपात नाही, पाण्याची तपासणी कंपनीच्या खर्चानं. सगळं स्वच्छ छापलेलं. लोक खूश झाले, कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

डेल्फानं मात्र तो कागद ब्रेटच्या पुढ्यात धरला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"माझ्याकडे जेवायला बसलास, तेव्हाही हा कागद तुझ्या बॅगेत होता?"

"मागतील त्यांना देतो आम्ही, मावशी."

"मी मागितलं होतं तुझ्याकडे!"

"हो," ब्रेट म्हणाला. "एकदाच."