पाणी कोरं सोडायचं

चिनी-जपानी चित्रकार पाणी काढत नाहीत. चार लव्हाळे, एखादं पाखरू, बाकी कागद कोरा. तो कोरा भाग म्हणजे पाणी. मी चित्रकलेचा मास्तर. हे पुस्तकातून शिकलो आणि डोणगावच्या अलीकडच्या तलावावर आयुष्यभर गिरवत बसलो. दसरा झाला की तिथे चक्रवाक उतरायचे, नारिंगी बदकं ती, जोडीजोडीनं. लव्हाळा पिवळा पडायला लागलेला असायचा. शाई बायको घरीच करायची, काजळ आणि बाभळीचा डिंक खलून. काठावर बसून टोमणे मारायची, "अर्धं चित्र त तुमी काढतच नाही, अन् थकता मात्र पुरे."

पुढे रक्तातल्या साखरेनं तिचे डोळे नेले. तेव्हापासून ती माझी चित्रं बोटांनी पाहते. पातळ कागद शाईनं भिजला की वाळताना तिथे सुरकुततो. त्या सुरकुत्यांवरून ती लव्हाळा ओळखते, पाखराची मान ओळखते, आणि गुळगुळीत लागलं की म्हणते, पाणी. तिला पाहायला आता एवढंच उरलंय.

यंदा ढगफुटीत तलावाचा बांध फुटल्याचं कानावर आलं. घरी मी बोललो नाही. दसऱ्यानंतर एकटाच गेलो. पाणी केव्हाच वाहून गेलेलं, गाळाला भेगा, लव्हाळा मुळासकट गेलेला. बेशरमाची झुडपं तेवढी हिरवीगार. त्यांना मरण नाही. तरी कागद मांडला, शाई तयार केली, सकाळभर बसलो. एकही चक्रवाक आला नाही. आठवणीतून काढावं म्हटलं, पण खोटी पाखरं तिच्या बोटांखाली द्यायची माझी छाती झाली नाही. मला रडू आलं आणि रागही. कोणावर, ते कळेना.

घरी आलो तर ती दारातच बसलेली. "आना इकडे," म्हणत माझ्या हातातला कागद तिनं ओढूनच घेतला, मांडीवर पसरला आणि हात फिरवला. या कडेपासून त्या कडेपर्यंत सगळं गुळगुळीत.

"बापा बापा! यंदा लय पानी हाय ना हो. काठोकाठ!"

तिचा चेहरा इतका फुलला की खरं सांगायला उघडलेलं तोंड मी मिटलं.

"हाव," मी म्हणालो.

"अन् पाखरं कुठी हायेत?"

तिची बोटं कागदावर शोधत राहिली.