अंगठ्याची जागा

माझी चुलत बहीण हॉकी खेळायची. ती किती चांगली खेळायची हे घरात फक्त मला ठाऊक होतं. म्हणून हे मीच लिहायला हवं, असं पुष्कळ दिवस वाटतं आहे.

आम्ही दोघी मुळशीच्या धरणाकाठच्या गावातल्या. पुण्यात मुलींच्या वसतिगृहात राहून एकाच कॉलेजात शिकत होतो. मी तिच्याहून एक वर्ष पुढे. आमच्याआधी आमच्या घरातलं कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. हॉकीची स्टिक दोघींनी एकाच दिवशी हातात धरली. शहरातल्या मुली अर्ध्या तासात कंबर धरून उभ्या राहायच्या. ही दिवसदिवस चिखलात वाकून भाताची आवणी केलेली. वाकल्या अंगानेच पळायची आणि चेंडू स्टिकला चिकटल्यासारखा तिच्याबरोबर जायचा. आवणी मीही केली होती, पण मला ते कधी जमलं नाही.

त्या हिवाळ्यात पुण्यात बायकांच्या हॉकीचे सामने व्हायचे होते, परदेशांतले संघ येणार होते. आपल्या संघासाठी मुली निवडायच्या म्हणून आम्ही दोघीही गेलो. मी दुसऱ्याच दिवशी गळले. तिचं नाव शेवटच्या यादीत आलं, उजव्या कडेला खेळायला.

"राखीव न्हाई बरं का," ती मला म्हणाली. "खरीखुरी."

फक्त एका अर्जावर वडिलांची सही किंवा अंगठा हवा होता. तिचा सराव सकाळ-संध्याकाळ चालायचा, तिला सुट्टी नव्हती. खेळाच्या बाईंनी अर्ज माझ्याकडे दिला आणि सोमवारी सकाळी परत आण म्हणून सांगितलं. बहीण एसटीपर्यंत पोचवायला आली.

"तात्यास्नी नीट सांग."

"सांगते की."

"आन् लई शहाणपण करू नको," ती हसत म्हणाली.

मी पोचले तेव्हा तात्या, म्हणजे तिचे वडील, खळ्यावर भात झोडत होते. मला बघून पेंढ्यावर टेकले. मी अर्ज काढला, शाईची डबी काढली.

"कशाचा कागूद?"

"तिच्या खेळाचा. अंगठा द्यायचाय."

"आदी समदा वाच. मग अंगठा."

असं का, ते मला माहीत होतं. धरण झालं त्या वेळी तात्यांच्या वडिलांनी कागद वाचून न घेता अंगठा दिला, असं घरात सांगत. खालची भातखाचरं पाण्यात गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तात्या अजून आपल्या बांधाच्या दगडांकडे बोट करायचे.

अर्ज इंग्रजीत होता. मी एकेक ओळ मराठी करून सांगू लागले. तीन आठवडे शिबिरात राहावं लागेल. "राहू दे." जेवणखाण तिथलंच. "बरं हाय." पोशाख गुडघ्यापर्यंतचा. मी इथे जरा थांबले. मला वाटलं, अडलं तर इथेच अडेल.

"गुडघ्यापोतुर? आवणीला बायका त्येच्या वर खोचत्यात. फुडं वाच."

शेवटची ओळ लांबलचक होती. तिच्यातल्या एका शब्दाला मराठी शब्द मला चटकन सुचला आणि मनातून बरं वाटलं. मी वाचलं, "खेळताना इजा झाल्यास किंवा काही बरंवाईट घडल्यास माझी व माझ्या वारसांची पुढे कसलीही तक्रार राहणार नाही."

"वारस? खेळात वारस कुटनं आलं?"

मग मी समजावून सांगितलं. वर्गात उत्तर द्यावं तसं, अगदी व्यवस्थित. "म्हणजे समजा, तात्या, तिचं काही झालंच, तर मागाहून आपण भांडायचं नाही."

तात्यांनी हातावरचा भुसा झटकला.

"आमच्या म्हाताऱ्याच्या कागदातबी ह्येच हुतं. फुडं तक्रार न्हाई." त्यांनी शाईच्या डबीचं झाकण स्वतःच्या हाताने लावलं आणि उठून पेंढी उचलली.

दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत मी दोनदा विषय काढला. पण असला अर्ज मीही पहिल्यांदाच बघत होते. ती ओळ खरी की नुसती रीत, हे मलाच कळत नव्हतं. माझ्या बोलण्यात जोर कुठून येणार?

सोमवारी बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, ती ओळ सगळ्याच अर्जांवर असते. अंगठा कुठे द्यायचा तेवढं बोट ठेवून दाखवायचं." संध्याकाळी यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावणं गेलं.

बहीण मैदानावरून आली ती बुटांचा चिखल काढत बसली. "शेवटची ओळ वाचलीस व्हय?"

"त्यांनी समदं वाच म्हणलं."

"व्हय. ते म्हननारच." एवढंच बोलली.

मी गळले होते आणि ती निवडली गेली होती, म्हणूनच मी ती ओळ वाचली का, असं मी स्वतःला विचारलं आहे. तसं आठवत नाही. आठवतो तो 'वारस' शब्द सापडल्याचा आनंद. त्याचीच मला जास्त लाज वाटते.

सामन्यांच्या शेवटच्या दिवशी तात्या आमचे तांदूळ पोचवायला पुण्याला आले होते. "बगू तरी," म्हणाले. आम्ही तिघं मैदानाच्या कडेला बसलो. एका मुलीच्या नडगीवर चेंडू बसला, ती पडली, पाय चोळून उठली आणि पळू लागली.

"लागलं न्हवं तिला?"

"लागतंच," बहीण म्हणाली.

"मग?"

"मग काय. उठायचं."

"तू कुटं उबी राह्यली असतीस?"

तिने आमच्या समोरच्या कडेकडे बोट केलं. तिथे दुसरी मुलगी खेळत होती. त्यानंतर चेंडू कुठेही गेला तरी तात्या सामना संपेपर्यंत त्या मुलीकडेच बघत राहिले.

संघ एकमेकांशी हात मिळवू लागले तेव्हा ते माझ्याकडे झुकले. "पोरी, कागदात ह्ये न्हवतं."

"न्हवतं, तात्या."

"तुला तर ठावं हुतं. मग सांगितलं का न्हाईस?"

मी त्यांना अर्ज सांगितला होता. ती चेंडू कशी नेते, हे सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

"त्यो कागूद हाय का अजून?"

होता. बाईंनी मागितला नव्हता आणि मला फाडवला नव्हता. पिशवीतल्या वहीत तसाच घडी घातलेला होता.

तात्यांनी अंगठा धोतराला पुसला. "आता दिला तर चालंल का?"

बहीण मैदानाकडे बघत होती. तिथे लोक गोलांच्या जाळ्या सोडत होते.

"न्हाई, तात्या," मी म्हणाले. "झालं आता."